प्रलयाची भाषा आणि प्रमाणाचा विवेक

नाशिकच्या गोदाघाटावर रामकुंडालगत उभा असलेला दुतोंड्या मारुती हे केवळ श्रद्धास्थान नव्हे. पुराचे ते एक लोकमान्य परिमाणही आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेपर्यंत चढले, गळ्याशी आले, असे नाशिककर सांगतात आणि ऐकणाऱ्यास पुराची तीव्रता तत्काळ कळते. या भाषेत भय आहे. परंतु ते भय मापाला बांधलेले आहे. जागतिक तापमानवाढीविषयी गेल्या काही दशकांत जे विपुल लेखन झाले, त्याच्या एका मोठ्या भागात मात्र भय राहिले आहे आणि माप सुटले आहे. त्या लेखनाची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे. तापमान वाढते आहे की नाही, हा या चिकित्सेचा विषय नव्हे. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते आणि ही वाढ मानवी व्यवहारातून झाली, हा आंतरशासकीय हवामानबदल मंडळाचा २०२१ चा निष्कर्ष भक्कम पुराव्यावर उभा आहे. प्रश्न आहे तो या पायावर रचल्या जाणाऱ्या विधानांच्या प्रामाण्याचा.

भामहाने अतिशयोक्तीचे लक्षण सांगताना, काही निमित्ताने लोकानुभवाची मर्यादा ओलांडणारे वचन, असे तिचे स्वरूप मानले आणि तिला अलंकारांत मोठे स्थान दिले. काव्यात ही मर्यादा ओलांडली जाते, कारण कवी व रसिक यांच्यात तसा संकेत असतो. नायिकेच्या विरहाश्रूंनी नदीला पूर आला असे वाचून कोणी नदीची पातळी मोजावयास जात नाही. शास्त्रीय विधान ज्या वाचकाच्या हाती पडते, त्याच्याशी असा संकेत झालेला नसतो. तो ते शब्दशः घेतो, त्यावर धोरण आखतो, पैसा खर्च करतो. म्हणून काव्यात जो अलंकार, तोच शास्त्रात दोष ठरतो.

या दोषाचे सर्वपरिचित उदाहरण हिमालयाचे आहे. उपरोक्त मंडळाच्या २००७ च्या अहवालात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे विधान आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी अधिकारी वि. कु. रैना यांचा या मताशी न जुळणारा निबंध जयराम रमेश यांच्या कारकिर्दीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची जाहीर हेटाळणी केली. परंतु दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, ते विधान पुरेशा आधाराविना केले गेल्याचे मंडळालाच मान्य करावे लागले. त्याचे मूळ शोधता ते एका पर्यावरणसंस्थेच्या २००५ च्या अहवालापर्यंत आणि तेथून १९९९ मधील एका नियतकालिकातील वृत्तापर्यंत पोहोचले.

न्यायदर्शनाच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे शब्दप्रमाणाचा आभास झाला. वात्स्यायनाच्या मते आप्त तो, ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे आहे तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे. येथे एकाने दुसऱ्याचे व दुसऱ्याने तिसऱ्याचे वचन उचलले. साक्षात ज्ञानापर्यंत कोणी गेलेच नाही. तथापि यावरून उलट टोकाचा निष्कर्ष काढणेही तितकेच सदोष होय. २०३५ हे साल चुकले म्हणून हिमनद्या सुरक्षित आहेत, किंवा रैना यांचे सर्व प्रतिपादन सिद्ध झाले, असे होत नाही. जुन्या व नव्या उपग्रहचित्रांच्या तुलनेवर आधारलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात, १९७५ ते २००० या काळापेक्षा २००० ते २०१६ या काळात हिमालयातील बर्फ घटण्याचा वेग सुमारे दुप्पट असल्याचे दिसून आले. आक्षेप खरा ठरला तो विधानापुरता. वस्तुस्थिती गंभीरच राहिली. अतिशयोक्तीने त्या गंभीर वस्तुस्थितीचे साहाय्य केले नाही. उलट तिच्याविषयी शंका घेण्यास वर्षानुवर्षे पुरेल असे निमित्त पुरविले.

दुसरे उदाहरण नाशिकचेच आहे. एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड कोरडे पडले आणि ऐन गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे टँकरने पाणी आणावे लागले. १३९ वर्षांत प्रथमच असे घडले, असे वृत्तांतून सांगण्यात आले आणि तापमानवाढीचे हे मूर्तिमंत रूप होय, असा अर्थ त्यास सहज चिकटला. २०१४ व २०१५ ही दोन्ही वर्षे देशात अपुऱ्या पावसाची गेली होती, हे खरे. परंतु २०१५ च्या अखेरीस नाशिक व अहमदनगर जिल्ह्यांतील धरणांतून जायकवाडीकडे पाणी सोडण्यात आले होते, हेही खरे. शिवाय सिंहस्थाच्या निमित्ताने पात्रातील कुंडांच्या तळाशी काँक्रीट घातल्यामुळे जिवंत झरे बुजले, हा आक्षेप नाशिकमध्ये दीर्घकाळ घेतला जात आहे. कुंड कोरडे पडण्यास इतकी कारणे संभवत असता केवळ कोरडेपणावरून तापमानवाढीचे अनुमान करणे, हा सव्यभिचार हेत्वाभास होय. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, ही व्याप्ती टिकते. जेथे जेथे कोरडे कुंड तेथे तेथे तापमानवाढ, ही टिकत नाही.

त्याच वर्षी, २ ऑगस्ट २०१६ रोजी, गोदावरीला मोठा पूर आला. त्यापूर्वी २००८ मध्ये आणि त्यानंतर २०१९ मध्येही नाशिकने पूर पाहिला. यांपैकी प्रत्येक पुराला तापमानवाढीचे अपत्य म्हणणाऱ्यास १९६९ चा महापूर अडचणीचा ठरतो. आणि १९६९ च्या आधारे आजचे सारे नेहमीचेच आहे असे म्हणणाऱ्यास पर्जन्याची दीर्घकालीन नोंद अडचणीची ठरते. १९५१ ते २००० या काळातील नोंदींवर आधारलेल्या २००६ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात मध्य भारतातील अतिवृष्टीच्या घटना वाढल्याचे व मध्यम पावसाच्या घटना घटल्याचे आढळले. उष्ण हवा अधिक बाष्प धारण करते, या भौतिक नियमाशी ते सुसंगतही आहे. मात्र त्या अभ्यासाचे क्षेत्र ७४.५ अंश पूर्व रेखांशापासून सुरू होते; नाशिक त्याच्या किंचित पश्चिमेस पडते. विस्तीर्ण प्रदेशाच्या सरासरीविषयीचा निष्कर्ष एका घाटावर जसाच्या तसा लादता येत नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, समाज निद्रिस्त असता मोठ्याने हाका मारल्याच पाहिजेत. भाषेचा काटेकोरपणा पाहत बसल्यास घर जळून जाईल. या आक्षेपामागील कळकळ आदरणीय आहे. परंतु त्यात दोन गोष्टी दृष्टीआड होतात. पहिली अशी की, प्रलयाची तारीख टळली की समाज पुढच्या हाकेला ओ देत नाही, मग ती हाक खरी का असेना. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. आपत्तीचे सर्व कर्तृत्व आकाशावर टाकले की भूमीवरचे कर्ते मोकळे सुटतात. पूररेषेत उभी राहिलेली बांधकामे, नासर्डीसारख्या उपनद्यांचे आकसलेले प्रवाह, धरणातून विसर्ग केव्हा व किती करावयाचा याचे निर्णय, कुंडांच्या तळाचे काँक्रीट, या साऱ्यांचा जाब कोणाला विचारावयाचा? तापमानवाढ हे त्याचे उत्तर झाले की कोणीच उत्तरदायी उरत नाही. अतिरंजित भाषा ही वरकरणी क्रांतिकारक भासली तरी व्यवहारात ती प्रस्थापितांना सोयीची ठरते, ती अशी.

म्हणून येथे ज्या संशयाचा पुरस्कार केला आहे, तो नकाराचा संशय नव्हे. नकार देणारा मनुष्यही पुराव्यापूर्वीच निर्णयाला पोहोचलेला असतो. त्या अर्थी तो भयवाद्याचाच सहोदर होय. अभ्यासकाचा संशय प्रत्येक विधानाला तीन प्रश्न विचारतो: हे कोणी मोजले, कोणत्या क्षेत्रात व काळात मोजले, आणि या परिणामास दुसरे कारण संभवते काय? या प्रश्नांतून जे विधान तरून जाते, ते लहान असेल. पण त्याच्यावर भार टाकता येतो.

पाणी कोठवर आले, हे दुतोंड्या मारुती सांगतो. ते का आले, हे तो सांगत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती येताच दुसऱ्याचेही आले असे मानणे, हाच या साऱ्या वाङ्मयाचा मूळ दोष आहे. तापमानवाढ खरी आहे म्हणूनच तिच्याविषयी खोटे बोलण्याची मुभा कोणालाही असता कामा नये.