व्हिममधील सिमलिंकची उकल : एक चिकित्सा

के. आर. पुरम आणि कृष्णराजपुरम ही एकाच ठिकाणाची नावे, हे बंगळूरच्या रेल्वे प्रवाशाला सांगावे लागत नाही. एडिटरला मात्र ते शोधून काढावे लागते. एकच फाईल दोन टर्मिनलांत दोन नावांनी उघडली आणि एडिटरच्या ते लक्षात आले नाही, तर एकाचे काम दुसऱ्याच्या कामावर लिहिले जाते.

व्हिमची यावरची पहिली राखण म्हणजे स्वॅप फाईल. ती मूळ फाईलच्या नावावरून तयार होते, म्हणून आधी खरे नाव हवे. 'मेमलाइन.सी' मधील 'रिझॉल्व्ह_सिमलिंक' हे फंक्शन त्यासाठी आहे. ते 'रीडलिंक' पुन्हापुन्हा बोलावून एकेक दुवा उलगडते. दुव्यातला मार्ग सापेक्ष असेल, तर तो दुवा ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यापासून मोजते, चालू डिरेक्टरीपासून नव्हे. विद्यार्थ्यांचे प्रोग्राम नेमके इथेच चुकतात.

मग सरळ 'रिअलपाथ' का वापरले नाही? कारण एडिटरमध्ये अजून अस्तित्वात नसलेली फाईलही उघडता आली पाहिजे. दुवा आहे, पण त्याच्या टोकाला फाईल नाही, अशा वेळी 'रिअलपाथ' त्रुटी देते. हे फंक्शन मात्र हाती आलेले नाव घेऊन पुढे जाते. मला हा या कोडमधला सर्वात समंजस निर्णय वाटतो. शंभराव्या पायरीला ते ई७७३ ही त्रुटी दाखवून थांबते. लिनक्स कर्नल ४० दुव्यांनंतरच नकार देतो, त्यामुळे तिथे हा आकडा जरा सैलच आहे.

खरी उणीव हार्ड लिंकची. तिथे उलगडायला दुवाच नसतो. दोन्ही नावे सारखीच खरी, आयनोड एक. म्हणून दोन वेगळ्या स्वॅप फाईली बनतात आणि दुसऱ्या टर्मिनलवर इशारा येत नाही. गंमत अशी, की एकाच व्हिममध्ये दोन्ही नावे उघडली तर बफर शोधणारे कोड डिव्हाइस व आयनोड क्रमांक ताडून फाईल ओळखते. म्हणजे ज्ञान घरातच आहे, स्वॅपच्या कोडपर्यंत पोचलेले नाही. साठवताना 'फाईल वाचल्यानंतर बदलली आहे' अशी सूचना येते खरी, पण तोवर दोघांचेही तासभराचे टंकन झालेले असते.

नुसत्या आयनोडवर विसंबणेही धोक्याचे. अनेक एडिटर नवी फाईल लिहून जुन्या नावावर सरकवतात, तेव्हा नाव तेच राहते आणि आयनोड बदलतो. प्रयोगशाळेत 'एलएन' ने दोन्ही प्रकारचे दुवे बनवून, दोन टर्मिनलांत व्हिम उघडून हा फरक स्वतः पाहावा.