काच कोण पुसतो?

सुंदर वास्तूविषयी लिहिताना आपले समीक्षक रेषा, प्रमाण आणि प्रकाश यांविषयी भरभरून बोलतात. ती वास्तू रोज कोण झाडतो, कोण पुसतो, हा प्रश्न त्यांच्या सौंदर्यशास्त्रात बसत नाही. न्यू यॉर्कच्या लीव्हर हाऊसपुढे मात्र हा प्रश्न टाळताच येत नाही. कारण ही इमारत साबण विकणाऱ्या कंपनीने बांधली.

पार्क अव्हेन्यूवर १९५२ साली पुरी झालेली ही चोवीस मजली इमारत. आजूबाजूला दगडविटांच्या जड इमारती आणि मध्ये हा निळसर-हिरव्या काचेचा मनोरा. भिंतींवर भार नाही. काच पडद्यासारखी सांगाड्याला टांगलेली. १९१६ च्या नगरनियमांप्रमाणे उंच इमारतीला वर जाताना पायरीपायरीने मागे सरावे लागे. परंतु मनोरा भूखंडाच्या चौथ्या हिश्शापुरता ठेवला तर तो सरळ वर नेता येई. लीव्हर हाऊसने ही वाट धरली. कंपनीने विकाऊ जागा सोडली आणि त्या बदल्यात प्रतिष्ठा मिळवली.

खिडक्या मात्र उघडत नाहीत. सगळी इमारत वातानुकूलित. मग बाहेरची काच पुसायची कशी? त्यासाठी छतावरून खाली सोडलेला पाळणा आला. साबणाच्या कंपनीची काच लखलखीत राहिली पाहिजे. ती लखलख हीच जाहिरात. म्हणजे पाळण्यात उभा असलेला सफाई कामगार हा या वास्तूच्या कल्पनेचाच भाग आहे. पण छायाचित्रांत काच दिसते, तो दिसत नाही.

नाव पुसण्याची ही रीत वरपर्यंत जाते. श्रेय गॉर्डन बनशाफ्ट यांना मिळाले. १९८८ साली प्रिट्झकर पारितोषिकही मिळाले. नकाशांवर राबलेल्या नाताली द ब्लुआ यांचे नाव फार उशिरा घेतले जाऊ लागले. आणि खालपर्यंत गेलो तर काँगोत पोचतो. विल्यम लीव्हर यांनी १९११ साली बेल्जियन वसाहत सरकारकडून तिथे पामच्या जंगलांची सवलत मिळवली. साबणाचे तेल काढण्यासाठी तिथल्या माणसांना सक्तीने राबवले गेले. त्याच घराण्याच्या धंद्यावर ही स्वच्छ काच उभी आहे.

तळमजल्याचे अंगण सर्वांना खुले ठेवले, याचे कौतुक रास्तच आहे. परंतु मालकीहक्क शाबूत राहावा म्हणून वर्षातून एक दिवस ते बंद ठेवण्याची प्रथाही तिथे पडली. कृपेने खुले असणे आणि हक्काने खुले असणे यांतला फरक महाडच्या तळ्याने आपल्याला शिकवला आहे.

म्हणून ही इमारत वाईट ठरते का? नाही. १९८२ साली तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, तो योग्यच होता. पुढे चौकटींत पाणी मुरून पोलाद गंजले आणि काचेचा तो सगळा पडदा नव्याने बसवावा लागला. म्हणजे मुळातले साहित्य गेले, आकार तेवढा राहिला. आकार जपता येतो. मग तो रोज जपणाऱ्या हातांची नोंद का जपता येऊ नये?

माझी आई कचेऱ्यांच्या फरशा पुसायची. त्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी वर्गात वास्तुकलेविषयी बोलतो, तेव्हा विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो : कुठल्याही चकचकीत भिंतीपुढे उभे राहा, तिचे सौंदर्य मनापासून पाहा आणि मग विचारा, ही पुसली कुणी? या प्रश्नाला जागा नसलेली समीक्षा अपुरी आहे.