तसबिरीमागचे पत्र

अंबाजोगाईच्या आमच्या जुन्या वाड्यात ढाळजेच्या भिंतीवर पाच तसबिरी होत्या. लक्ष्मी, सरस्वती, रामपंचायतन, हंस-दमयंती, आणि पाचवी इतकी धुरकटलेली की तिच्यातले दैवत कोणते यावर घरात दोन पक्ष होते. दिवाळीच्या आधी चार दिवस त्या खाली उतरत. काचा पुसण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. लक्ष्मीच्या पायाखालच्या कमळाच्याही खाली, चौकटीच्या लाकडात अर्धवट दडलेली, इंग्रजी अक्षरांची एक बारीक ओळ होती. इंग्रजी शिकायला लागल्यावर ती मी एकेक अक्षर लावून वाचली : रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. रविवर्मा नावाचे कोणी गृहस्थ लोणावळ्यास राहतात आणि देवांची छायाचित्रे काढतात, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती.

पुढे वडील गेले, माळवद गळू लागले, आणि वाडा मोकळा करण्याची वेळ आली. मोठा म्हणून निवडानिवड माझ्याकडे आली. तसबिरी मी जपून कापडात बांधल्या. आजोबांची एक पत्र्याची पेटी होती. निजामी अमदानीत ते या गावी वकिली करत. पेटीत मोडीतली, उर्दूतली पत्रे रुमालांत बांधून ठेवलेली होती. मला ना मोडी येत होती, ना उर्दू. पेटी मी रद्दीवाल्याला दिली. कागद एकवीस किलो भरले. त्या वेळी मला हलके वाटले, हेही कबूल केले पाहिजे.

काही वर्षांनी लक्ष्मीच्या तसबिरीची काच फुटली. चौकट उघडली, तर पाठीमागच्या पातळ फळीला आधार म्हणून खोचलेले एक पोस्टकार्ड निघाले. मजकूर मोडीत. आता मात्र मी मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडे धावत गेलो. सोलापूरच्या एका तसबीरवाल्याने आजोबांना लिहिलेले ते कार्ड होते. लक्ष्मी तूर्त शिल्लक नाही. सरस्वती तयार आहे. लोणावळ्याहून नवा माल आला की कळवू. किंमत कळदार रुपयांत धरावी, हालीत नव्हे. करोडगिरीचा आकार आपल्याकडे. अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते आणि संस्थानात येणाऱ्या मालावर जकात बसे. इतके रूक्ष पत्र. पण त्याच्या कडेला आजोबांच्या हातची पेन्सिलीची एक ओळ होती : “घरी विचारले. आधी लक्ष्मीच हवी.”

घरी म्हणजे आजीला. या ओळीचे पुढे काय झाले, सोलापूरकराने काय उत्तर दिले, लक्ष्मी केव्हा आणि कशी आली, हे सारे त्या एकवीस किलोंत गेले.

चित्राच्या टीकेत पत्राला स्थान काय, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडला आहे. चित्र डोळ्यांनी पाहावे, रेषा आणि रंग यांचा विचार करावा, चित्रकाराच्या पत्रापत्रीत टीकाकाराने नाक खुपसू नये, असे मानणारा एक पक्ष आहे, आणि एकमेव अशा चित्रापुरते त्याचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. छापील चित्राची गोष्ट मात्र निराळी. ते एका हातचे नसतेच. मूळ चित्र काढणारा एक, ते दगडावर उतरवणारा दुसरा, रंगागणिक वेगळा दगड तयार करून एकावर एक ठसे बिनचूक बसवणारा तिसरा, विकणारा चौथा, आणि कोणते हवे ते ठरवणारी माजघरातली पाचवी. या पाच जणांना एकत्र बांधणारी वस्तू एकच, ती म्हणजे त्यांचा पत्रव्यवहार. तो गेला की चित्र उरते, पण त्याचे गोत्र हरवते.

रविवर्म्याच्या छापील चित्रांचा उगम एका पत्रातच सांगितला जातो. लिहिणारे सर टी. माधवराव, तंजावरकडचे मराठी घराणे, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण. १८८४ च्या सुमारास त्यांनी चित्रकाराला इंग्रजीत लिहिले. पत्राचा जो भाग प्रसिद्ध आहे, त्याचा आशय असा : तुमची चित्रे हवी असलेले माझे स्नेही बरेच आहेत, तुमचे हात मात्र दोनच, मागणी पुरी कशी व्हायची? काही निवडक चित्रे युरोपात धाडून त्यांचे ओलिओग्राफ काढवावेत. त्याने तुमचा लौकिक पसरेल आणि देशाचेही हित होईल.

हे पत्र टीकाकाराने सावकाश वाचावे असे आहे. त्यातल्या युक्तिवादाचा क्रम पाहा. आरंभ स्नेह्यांपासून होतो, मग हिशेब येतो, मग लौकिक, आणि देश सर्वांत शेवटी. हा अनुभवी कारभाऱ्याचा क्रम आहे. मागणी जास्त आणि पुरवठा कमी, एवढीच त्याची दृष्टी. या चित्रांपुढे कोणी उदबत्ती लावील, त्यांना हळदकुंकू वाहील, याची या भागात पुसटशीही चाहूल नाही. माधवराव बोलतात ते दिवाणखान्याविषयी. चित्रे जाऊन बसली देवघरांत. कलेच्या इतिहासातली एवढी मोठी उलथापालथ, आणि जन्मपत्रिकेत तिचा मागमूस नाही. मला यात मौज वाटते आणि थोडे शहाणपणही. चित्र कोठे जाणार हे ते पाठवणाऱ्याला माहीत नसते.

सल्ला रविवर्म्याने मानला, पण आपल्या पद्धतीने. चित्रे युरोपात धाडण्याऐवजी त्याने युरोपातली यंत्रे आणि कारागीर इकडे आणले. १८९४ साली मुंबईजवळ घाटकोपर येथे छापखाना सुरू झाला. माधवराव १८९१ सालीच वारले होते. आपल्या पत्राचे फळ त्यांनी पाहिले नाही. पुढे प्लेगचे दिवस आले, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, कर्ज वाढले, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच तो चित्रे छापण्याच्या हक्कांसकट फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. म्हणजे महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत नंतरच्या काळात आलेल्या ‘रविवर्म्याच्या’ तसबिरींत खुद्द रविवर्म्याचा हात नव्हता, खिसाही नव्हता. पुण्याची चित्रशाळा तर १८७८ पासूनच देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची चित्रे छापत होती. पण भिंतीवरच्या कोणत्याही देवाला लोक नाव देत ते रविवर्म्याचे.

या सगळ्या खटाटोपात पत्रे कोण लिहीत होते? पुष्कळशी धाकटा भाऊ, सी. राजराजवर्मा. स्वतः उत्तम निसर्गचित्रकार असलेला हा माणूस थोरल्या भावाचा चिटणीस, कारभारी आणि सोबती झाला. त्याची इंग्रजी रोजनिशी एर्विन नॉयमायर आणि क्रिस्टिन शेल्बर्गर या ऑस्ट्रियन अभ्यासकांनी २००५ साली संपादून प्रसिद्ध केली. ती वाचताना प्रतिभेची झळाळी शोधणाऱ्याची निराशा होईल. तीत आहेत प्रवास, आजारपणे, आश्रयदात्यांच्या भेटी, पाहिलेली नाटके, छापखान्याच्या विवंचना. पण याच साध्या नोंदींमुळे रविवर्मा मला प्रथमच माणूस म्हणून भेटला, आणि त्याहून अधिक भेटला तो त्याच्या सावलीत उभा असलेला भाऊ. १९०५ च्या जानेवारीत राजराजवर्मा गेला; पुढच्याच वर्षी थोरलाही गेला. रोजनिशी राहिली नसती तर ‘राजा रविवर्मा’ या सहीमागे दोघे होते हे आपण किती जणांनी ओळखले असते?

आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांनी रविवर्म्यावर कडक टीका केली. त्याचे देव नाटकातल्या पात्रांसारखे उभे राहतात, त्यांत दिव्यत्व नाही, पाश्चात्त्य रीतीची नक्कल आहे, असा तिचा रोख होता. या टीकेतले तथ्य नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या भिंतीवरची दमयंती हंसाकडे पाहते खरी, पण तिचे अर्धे लक्ष प्रेक्षकांकडे आहे. मात्र हीच टीका लक्ष्मीला लावून पाहिली की ती अपुरी पडते. हातांत कमळे, बाजूला माळ घेतलेला हत्ती, आणि सरळ आपल्याकडे पाहणारा शांत चेहरा. शेजारच्या घरची एखादी सुवासिनी सणासाठी नटून उभी राहावी तशी. कुमारस्वामींना हा दोष वाटला असता. माझ्या आजीला हाच गुण वाटला असावा. गावात योगेश्वरीचे ठाणे आहे. तिचा शेंदरी मुखवटा पाहिला की मनात प्रथम धाक उभा राहतो. आजी तिच्या दर्शनाला नेमाने जाई, आणि घरी येऊन कागदावरच्या लक्ष्मीला दिवा लावी. एकीने दुसरीची जागा घेतली नाही. धाकाला देऊळ होते. सोबतीला तसबीर आली. हे मी तर्काने लिहितो आहे, कारण आजीने यावर निबंध लिहिला नाही. तिचे या विषयावरचे एकूण लेखन म्हणजे आजोबांच्या पेन्सिलीने उतरलेले ते एक वाक्य. पण टीका म्हणून ते मला मोठमोठ्या ग्रंथांच्या पंगतीला बसवावेसे वाटते. तीत निवड आहे, क्रम आहे आणि ‘च’ आहे.

बीड जिल्ह्याला कागद जपण्याची परंपरा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. याच अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. लांबलचक कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिले आणि चित्राकृतींसह ते समजावून दिले. चारशे वर्षे उलटली, तरी ते कापड टिकले. रोज ढबू पैशाची शाई ते लिहून संपवीत, अशी आख्यायिका आमच्याकडे आजही सांगतात. इतिहासाचार्य राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली तीही बीडच्या पाटांगणात. मग जो जिल्हा कापड टिकवतो, पोथी टिकवतो, त्याच जिल्ह्यातल्या माझ्यासारख्याच्या हातून एकवीस किलो पत्रे का जातात?

मला सापडलेले उत्तर असे : एकमेव वस्तू टिकते, कारण ती गेली तर दुसरी नाही हे सर्वांना ठाऊक असते. छापील वस्तू मरते, कारण प्रत्येकाला वाटते, शेजाऱ्याकडे असेलच. पासोडीला वारस असतात. तसबिरीला मालक असतात. आणि पोस्टकार्ड तर त्याहून हलके. ते लिहिताना कोणाला वाटले नसेल की आपण काही लिहितो आहोत. पण हजारो घरांत सारखीच असलेली लक्ष्मी आमची कशाने झाली? त्या एका कार्डाने. छापलेले चित्र सर्वांचे असते, पत्र एकाचेच असते. म्हणून प्रत जपायची तर तिचे पत्र आधी जपले पाहिजे.

पत्रव्यवहाराला दोन पेट्या लागतात, हे आणखी एक. सय्यद हैदर रझा पॅरिसला गेल्यावर त्यांचा आणि कृष्ण खन्ना यांचा जो पत्रव्यवहार चालला, तो पुढे रझा प्रतिष्ठानाने ग्रंथरूपाने आणला. तो वाचता येतो, कारण पत्रे लिहिणाऱ्यांइतकीच ती ठेवून घेणारी माणसे तेथे होती. आमच्याकडे माधवरावांचे पत्र आहे, ते दिवाणांचे म्हणून. सोलापूरच्या तसबीरवाल्याचे आहे, ते फळी हलू नये म्हणून. दोन्ही पत्रे एकाच दोऱ्याची दोन टोके आहेत; एका टोकाला ‘मागणी’ हा शब्द आहे आणि दुसऱ्या टोकाला ती मागणी करणारी बाई. मधला दोरा कोठे कोठे रद्दीत गेला, याचा हिशेब लागणे आता कठीण.

गेल्या वर्षी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरी आला होता. सरस्वतीला त्याने बरी किंमत सांगितली. लक्ष्मी त्याने उजेडात धरली आणि बाजूला ठेवली. काच फुटल्यानंतर काही दिवस ती उघडीच होती, आणि त्याआधीही कधीतरी असावी. पायांपाशी कुंकवाचे डाग आहेत, पदरावर कोणी हौसेने जर चिकटवली आहे, तिचे दोन टाके सुटले आहेत. “माल खराब आहे,” तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. संग्राहकाला प्रत हवी असते ती छापखान्यातून आत्ताच निघाल्यासारखी, म्हणजे जिला कोणी काही म्हटलेले नाही अशी. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते जमवले तेव्हा हाताने झिजलेल्या वस्तूंचाही मान राखला होता. ती दृष्टी प्रत्येकाला कशी असणार? मी दोन्ही तसबिरी विकल्या नाहीत. यात माझा काही मोठेपणा नाही. एकदा तराजू पाहिला होता, इतकेच.

नवी काच बसवायला गेलो तेव्हा तसबीरवाल्या पोराने विचारले, “काका, मागे पुठ्ठा घालू का?” मी म्हटले, घाल, पण त्याच्याआधी हे घाल. कार्डाची छायाप्रत मी घरी ठेवली आहे, आणि मोडीचा देवनागरी तर्जुमा करून एका कागदावर आजी-आजोबांची नावे, गाव, आणि मी रद्दीत काय घातले तेही लिहिले आहे. मूळ कार्ड आणि तो कागद, दोन्ही पातळ कापडी पाकिटात घालून लक्ष्मीच्या पाठीशी ठेवली.

वाचकहो, हा अंक हाती येईपर्यंत तुमची साफसफाई आटोपली असेल. तसबिरी पुन्हा भिंतीवर चढल्या असतील. लक्ष्मीपूजनाला एखादी खाली उतरवावी लागली तर ती उलटी करून एकदा पाठ पाहा. काही नसेल तर निदान एक ओळ लिहून ठेवा : ही कोणी आणली, कोठून, आणि घरात आधी कोणती मागितली होती.