शिदोरी भरलेली, पाणी बंद

१९०१ साली मुंबई सरकारने खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांसाठी तलावाच्या खोदाईचे काम काढले होते. त्या कामावर रामजी आंबेडकर रोखपाल होते. त्यांना भेटायला भीमराव, त्यांचे भाऊ व भाचे साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनावर उतरले. पुढची हकिगत आपल्याला पाठ आहे. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. गाडीवानाने दुप्पट भाडे घेऊन गाडी पोरांनाच हाकायला लावली. शिदोरी भरलेली होती, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून पोरे उपाशीच झोपली.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मधला हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो. दुष्काळी मदतीवरचा तो एक कठोर अभिप्रायही आहे, हे मात्र निसटते. अन्न जवळ असूनही माणूस उपाशी राहू शकतो, कारण वाटेवरचा दरवाजा दुसऱ्याच्या हातात असतो.

आज हे आठवण्याचे कारण सुदान. एप्रिल २०२३ पासून तेथे लष्कर आणि निमलष्करी दल यांचे युद्ध पेटले. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरच्या झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचे अधिकृतपणे मान्य झाले. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका सहीने परदेशी मदत थांबवली आणि खार्तूममधली शेकडो सामूहिक स्वयंपाकघरे विझली. १ जुलैला ‘यूएसएड’ ही संस्थाच संपली. ब्रिटननेही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले.

यावर आपल्याकडचे काही पुरोगामी म्हणतात, साम्राज्यवादी मदत गेली, बरे झाले. हे भरल्या पोटाचे बोलणे आहे. १९७२ च्या दुष्काळात माण, आटपाडी, जतच्या कामांवर आपल्या आयांनी सुकडी आणि परदेशी लाल मिलो खाल्ला, तेव्हा कुठे पोरे जगली. पण दात्याची मर्जीही आपण पाहिली आहे. व्हिएतनामवर भारताने तोंड उघडले म्हणून १९६५-६६ च्या टंचाईत जॉन्सन सरकारने गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या बोलीवर लटकवली होती. गावकीच्या भाकरीची रीत यापेक्षा फार वेगळी नव्हती. वाढणाऱ्याचा हात आखडला की हक्क कुठे मागायचा?

मात्र सगळे पाप वॉशिंग्टनच्या माथी मारणेही सोयीचे आहे. चाडमधून दारफुरला जाणारा आद्रेचा नाका फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानच्याच सरकारने बंद केला, तो ऑगस्टमध्ये उघडला. तोवर धान्य पलीकडे होते आणि माणसे अलीकडे मरत होती. मसूरच्या वाटेवर दरवाजा गोऱ्या साहेबाने लावला नव्हता, आपल्याच माणसांनी लावला होता.

मदतीला कायद्याचे बळ देण्याचा विचार आपल्याच मुलखातला. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात रोजगाराचा प्रयोग केला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामावर होती. १९७७ च्या कायद्याने काम हा हक्क झाला, न दिल्यास भत्ता. सुदानसाठी झोळी फिरवणाऱ्यांनी हे वाचावे.

पण हक्काच्या कामातही मेख राहिली. भूमिहीनांनी पाझर तलाव खोदले आणि पाणी जमीनदाराच्या विहिरीत उतरले. ही चूक ओळखली ती येरळेकाठी. तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधताना जमीन नसलेल्यालाही पाण्याचा वाटा ठेवला.