गवताची चोरी : जंगल सत्याग्रहातील एका शब्दाची चिकित्सा

१० जुलै १९३० रोजी लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला आणि वऱ्हाडातील जंगल सत्याग्रहास प्रारंभ झाला. ही घटना आपल्याकडील स्मरणिकांत, गौरवग्रंथांत व शालेय पुस्तकांत थोड्याफार फरकाने एकाच साच्यात सांगितलेली आढळते. गांधीजींनी दांडीस मीठ उचलले. वऱ्हाडास समुद्र नाही. सबब येथील पुढाऱ्यांनी मिठाच्या जागी गवत घेतले, असा तो साचा आहे. या मांडणीत गवताला स्वतःचे काही मूल्य उरत नाही. ते मिठाचे मुखत्यार होऊन बसते. प्रस्तुत लेखाचा हेतू या साच्यास हरकत घेण्याचा आहे. गवत हे भांडणाचे निमित्त नसून भांडणाचा विषयच होते, आणि हे इतिहासाच्या साधनांइतकेच भाषेच्या साधनांनीही दाखविता येते, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. हे म्हणणे मांडण्यास मानोऱ्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. पुसद येथून जवळ. १९०५ पर्यंत तो तालुका वाशीम जिल्ह्यातच मोडत होता. आणि गुरे राखून जगणाऱ्या बंजारा तांड्यांचा हा मुलूख आहे. लमाणांच्या बैलांच्या पाठीवरील धान्यमिठाचा व्यापार रेल्वेने हिरावून घेतल्यावर त्या गुरांना चरण्याखेरीज आणि त्यांच्या धन्यांना चराऊ रानाखेरीज आधार राहिला नव्हता.

प्रथम मिठाचा मुद्दा निकालात काढू. वऱ्हाडात मीठ नव्हते, हे विधानच बरोबर नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात खाऱ्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि एप्रिल १९३० मध्ये अकोल्याजवळ दहीहंडा येथे त्या पाण्यापासून मीठ काढून रीतसर सत्याग्रह झालेला आहे. मीठ हाताशी असतानाही तीन महिन्यांनी चळवळ गवताकडे वळली. पावसाळ्यात पाणी आटवून मीठ काढता येत नाही म्हणून ती वळली, असे कोणी म्हणेल, व त्यात तथ्य आहे. परंतु मग दुसरा प्रश्न उभा राहतो. आषाढातले गवत कापून त्याची गंजी घालता येत नाही. ते कोवळे असते आणि कापणीचे दिवस दिवाळीच्या सुमारास येतात. आषाढात विळा चालविणारा मनुष्य गवतासाठी तो चालवीत नाही, हे उघड आहे. तेव्हा ते प्रतीकच नव्हे काय?

हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण तो घेणाऱ्याने गुराख्याच्या वर्षाचा विचार केलेला नसतो. उन्हाळ्यात वावरे रिकामी असतात. धसकटे, पालापाचोळा खात ढोरे गावभर फिरतात व त्यांना कोणी अडवीत नाही. मृगात पेरणी झाली की सगळी वावरे एका आठवड्यात बंद होतात. त्या दिवसापासून आखरावर जमलेला कळप न्यावयाचा कोठे, हा गावापुढील प्रश्न असतो. चराऊ रानाची खरी निकड आषाढ-श्रावणातच असते. वनखात्याची चराईची फी, बंद केलेले रान आणि कोंडवाड्याचा दंड हेही याच दिवसांत अंगावर येतात. त्यामुळे विळ्याने कापलेले ते कोवळे गवत हे गंजीचे नव्हे, चराईचे गवत होते. पंचांगाने ज्याला प्रतीक ठरविले, त्याला गुराख्याचे पंचांग लावले की ते गाऱ्हाणे ठरते.

‘चराई’ हा शब्दही येथे थोडा न्याहाळण्यासारखा आहे. मराठीत ‘-आई’ हा प्रत्यय क्रियेला लागून ती क्रिया आणि तिचा मोबदला असे दोन्ही अर्थ देतो : शिलाई, धुलाई, भराई, दळाई. यांतील प्रत्येक ठिकाणी मोबदला घेणारा तोच असतो, जो ते काम करतो. शिंपी शिवतो म्हणून शिलाई घेतो. या न्यायाने चराई ही गुरे चारणाऱ्याची मजुरी असावयास हवी, आणि खेड्यात गुराख्याला द्यावयाच्या वार्षिक धान्यास वा पैशास हा शब्द लावतातही. सरकारी चराईत मात्र मोबदला घेणारा काहीच चारीत नाही. तो केवळ अडवीत नाही. न अडविण्याची मजुरी अशा अर्थाचे दुसरे ‘-आई’कारान्त नाम प्रस्तुत लेखकास मराठीत आढळले नाही.

आता मुख्य शब्दाकडे वळू. जंगल सत्याग्रहींवरील खटल्यांत वनकायद्याबरोबर भारतीय दंडविधानाचे ३७९ वे कलमही लावले जाई, म्हणजे आरोप चोरीचा असे. २१ जुलै १९३० रोजी यवतमाळजवळ लोहारा येथे डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी आपल्या तुकडीसह सत्याग्रह केला. त्यांना झालेल्या नऊ महिन्यांच्या शिक्षेपैकी सहा महिने ११७ व्या कलमाखाली, चिथावणीबद्दल, आणि तीन महिने ३७९ व्या कलमाखाली, चोरीबद्दल होते. चरित्रकार व इतिहासकार ही कलमे तळटीपेत टाकून पुढे जातात. वास्तविक सगळा मतभेद त्या एका शब्दात साठलेला आहे.

दंडविधानाच्या दृष्टीने चोरीस पाच गोष्टी लागतात : वस्तू जंगम असावी, ती दुसऱ्याच्या ताब्यात असावी, त्याची संमती नसावी, ती हलविली जावी आणि हलविण्यामागे अप्रामाणिक हेतू असावा. जमिनीस जडलेली वस्तू जंगम नाही, म्हणून उभ्या गवताची चोरी होऊ शकत नाही. पण विळ्याने मुळापासून तुटताक्षणी ते चोरीस पात्र होते, असा खुलासा ३७८ व्या कलमातच दिलेला आहे. (१ जुलै २०२४ पासून दंडविधान गेले व भारतीय न्याय संहिता आली, तेथे चोरी ३०३ व्या कलमात आहे, व्याख्येचा सांगाडा तोच.) या पाच गोष्टींत लपवाछपवी कोठेच नाही, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी.

मराठी भाषेत मात्र ‘चोर’ या धातूचा गाभा लपविणे हाच आहे. चोरवाट, चोरदरवाजा, चोरखिसा, चोरकप्पा, चोरपावले हे शब्द घ्या. यांतील एकातही दुसऱ्याच्या मालमत्तेचा संबंध नाही; चोरखिशातील पैसा तर खिसेवाल्याचाच असतो. मनुष्य अंग चोरतो ते स्वतःचे आणि नजर चोरतो तीही स्वतःचीच. याहून बोलके उदाहरण गोठ्यातले आहे. गाय पान्हा चोरते असे आपण म्हणतो. दूध तिचे, कास तिची, आणि तरीही ती चोरते, कारण ती ते आत लपविते. मालकीची कल्पना ‘चोरी’त नंतर येते, आधी येते ती दडवणूक. म्हणूनच उघड लुबाडण्यास मराठीत लूट, दरोडा, जबरी असे निराळे शब्द आहेत.

आता सत्याग्रहाची रीत पाहा. दिवस आधी जाहीर होई, अधिकाऱ्यांना आगाऊ कळविले जाई, मिरवणूक वाजतगाजत निघे, हजारो लोकांच्या आणि पोलिसांच्या डोळ्यांदेखत विळा चाले. ज्यात काही लपविलेले नाही, अशा कृत्यास ‘चोरी’ म्हणणे म्हणजे दंडविधानाच्या भाषेत शास्त्रशुद्ध आणि मराठीत वदतोव्याघात. न्यायाधीश आरोप वाचून दाखवी तेव्हा कोर्टात बसलेल्या कुणब्यास तो पटत नसे, याचे कारण केवळ देशभक्ती नव्हे. त्याच्या भाषेत तो आरोप जुळतच नव्हता. जंगल सत्याग्रहास खेड्यापाड्यांत जो प्रतिसाद मिळाला, त्याच्या कारणांत या भाषिक कारणाची नोंद आजवर कोणी केलेली प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

ही जाणीव केवळ बोलीतली आहे असेही नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मालकासमक्ष बळाने नेणे हे ‘साहस’ व त्याच्या पाठीमागे नेणे हे ‘स्तेय’, असा भेद केला आहे. आणि त्याच ओघात गाईंच्या ग्रासासाठी घेतलेले तृण हे ‘अस्तेय’, म्हणजे चोरीच नव्हे, असे सांगितले आहे. ज्या ग्रंथाने शूद्राच्या धनावरचा हक्क अमान्य केला, त्याचा दाखला हक्कांच्या चर्चेत द्यावयास संकोच वाटतो. तो येथे प्रमाण म्हणून नव्हे, तर गवत व चोरी या दोन कल्पना आपल्याकडे किती पूर्वीपासून एकमेकींपासून दूर ठेविल्या होत्या, याचा पुरावा म्हणून दिला आहे.

संकोच न करता ज्याचा दाखला द्यावा असा ग्रंथ जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ होय. तो १८८३ मधला, म्हणजे पुसदच्या सत्याग्रहापूर्वी सत्तेचाळीस वर्षांचा. डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी आणि गायराने वनखात्याने जंगलात सामील करून घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या शेरडामेंढरांना जागाच राहिली नाही, ही तक्रार फुल्यांनी त्यात मांडली आहे. येथे घेणारा कोण व ज्याचे गेले तो कोण, हे कर्ता-कर्म नेमके उलटे आहेत. १९३० च्या आरोपपत्रात शेतकरी घेतो आणि सरकारचे जाते. फुल्यांच्या वाक्यात सरकार घेते आणि शेतकऱ्याचे जाते. सत्याग्रहाचे इतिहासकार आपली परंपरा दांडीपासून सुरू करतात. गवताच्या बाजूने पाहिल्यास ती फुल्यांपासून सुरू व्हावयास हवी.

आणि हे गवत होते तरी कोणाचे? वऱ्हाडापुरते हे कोडे विशेष गमतीचे आहे. १९३० मध्ये वऱ्हाडचे सार्वभौमत्व कायद्याने निजामाकडे होते. १९०२ च्या करारान्वये इंग्रज सरकार हा प्रांत सालीना पंचवीस लक्ष रुपये खंडाने कायमचा वहिवाटीत होते. म्हणजे पुसदच्या रानाचा राजा हैदराबादेत, पट्टेदार नागपुरात व दिल्लीत, ताबा वनरक्षकाचा आणि वहिवाट गावच्या ढोरांची. यांपैकी फक्त शेवटच्यालाच चोर ठरविता आले.

मालकीची रेषा व्याख्येने कशी आखली जाते हे पाहावयाचे असेल, तर आजही प्रचारात असलेल्या १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील वनोपजाची व्याख्या वाचावी. तीत गवत हे जंगलात सापडले वा जंगलातून आणले तरच वनोपज आहे. तेच गवत बांधावर उगवले तर नाही. मोहाचे फूल मात्र कोठेही पडलेले असो, अगदी आपल्या परसात असो, ते वनोपजच. बांबू वनस्पतिशास्त्राने गवताच्या कुळातला, पण या अधिनियमाने त्याला नव्वद वर्षे वृक्षांत बसविले. २०१७ च्या दुरुस्तीने तो वृक्षांतून उठला. शब्दार्थाचा अभ्यास हा निरुपद्रवी विषय आहे, असे समजणाऱ्यांनी गडचिरोलीतील बांबू तोडणाऱ्यास विचारून पाहावे.

‘सविनय कायदेभंग’ या संज्ञेविषयी थोडेसे. मूळ इंग्रजी विशेषणात नागरिकत्वाचा अर्थ आहे आणि सभ्यतेचाही. मराठीने दुसरा घेतला, पहिला सोडला. त्यामुळे आपल्याकडील चर्चा सत्याग्रही किती नम्र होते याभोवती फिरत राहते आणि नागरिक या नात्याने त्यांचा दावा काय होता, हे मागे पडते. २५ सप्टेंबर १९३० रोजी कुलाबा जिल्ह्यात चिरनेर येथे जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार झाला. सत्याग्रहींप्रमाणे तेथे मामलेदारही प्राणास मुकले. त्या दिवशी विनय कोणी सोडला, याची चिकित्सा पुष्कळ झाली आहे. अक्कादेवीच्या माळावरील रानावर आजूबाजूच्या गावांचा कोणता हक्क होता, याची त्या मानाने फार थोडी.

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप प्रस्तुत लेखकाला स्वतःलाच घ्यावा लागतो, आणि तो सोपा नाही. उघडपणे केलेले ते चोरी नव्हे, एवढे म्हटल्याने ते न्याय्य ठरत नाही. आमच्याकडे गावच्या चराऊ जमिनीस वऱ्हाडच्या जुन्या महसुली वर्गवारीवरून ‘ई-क्लास’ म्हणतात. बोलण्यात त्याचे ‘इकलास’ झाले आहे आणि शाळेचे तोंड न पाहिलेली म्हातारी माणसेही तो शब्द सहज वापरतात. या इकलासावर अनेक गावी भूमिहीन कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांगर धरून आहेत. त्यांनी तो रात्री धरलेला नाही, दिवसा धरला आहे. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी देशव्यापी सत्याग्रह केला, तेव्हा पडीक व सरकारी जमीन कसणाऱ्याला मिळावी, ही त्यांची मागणी होती. त्यांचा नांगर पुसदच्या विळ्याइतकाच उघडा होता. परंतु पुसदचा विळा ज्या गुरांसाठी चालला, त्यांचेच रान हा नांगर मोडतो. गुरेवाला म्हणतो आमची चराई गेली; नांगरवाला म्हणतो तुझ्याजवळ वावर आहे, माझ्याजवळ काय आहे? पुसदला समोर सरकार होते म्हणून बाजू घेणे सोपे गेले.

सरकारी कागदात या दुसऱ्या कृत्यास ‘चोरी’ म्हणत नाहीत, ‘अतिक्रमण’ म्हणतात. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील बेकायदेशीर कब्जे हटविण्याचे आदेश राज्यांस दिले. त्यात भूमिहीन मजुरांस अथवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस सरकारी अधिसूचनेन्वये पट्टा मिळाला असल्यास, अशा प्रसंगांपुरता अपवाद ठेविला आहे. अपवादाचा आधार पट्टा हा आहे, कसणूक नव्हे. मानोऱ्याकडील बोलीत मात्र कसणारा आपल्या त्या तुकड्यास अतिक्रमण म्हणत नाही आणि वावरही म्हणत नाही. तो ‘आमचं इकलास’ म्हणतो. जी जमीन वर्गवारीनेच कोणा एकाची नाही, तिच्यामागे ‘आमचं’ हे सर्वनाम लावताना तो सबंध गाव धरतो की आपले घर, हे प्रस्तुत लेखकाने अनेकांना विचारून पाहिले आहे. उत्तरे दोन्ही प्रकारची मिळाली. काहींनी तर एकाच बैठकीत दोन्ही दिली.