श्यामला भाऊ होते

मागच्या लेखात गायबगळ्यांच्या घरट्यातल्या मारामाऱ्यांबद्दल लिहिलं होतं, आणि पुढच्या वेळी आकडे घेऊन येते असं कबूलही केलं होतं. आकडे अजून नीट लागलेले नाहीत, गाईडही त्यावर समाधानी नाहीत, म्हणून या वेळी एका पुस्तकाबद्दल लिहिते आहे. बगळे त्यातही येतील, काळजी नको.

मे महिन्यात पावसला घरी आले होते. आंब्याचे दिवस, म्हणजे घरात माणसांपेक्षा पेट्या जास्त. संध्याकाळी वीज गेली की आई ओटीवर कंदील लावून नातवंडांना 'श्यामची आई' वाचून दाखवते. नातवंडं म्हणजे माझ्या भावाची दोन मुलं. दादू आठ वर्षांचा, शांत, सांगितलं तिथे बसणारा. मनू चार वर्षांची. त्या दिवशी सकाळी मनूने अढीतल्या पाच आंब्यांचा एकेक चावा घेऊन ते परत पेंढ्यात व्यवस्थित पुरून ठेवले होते आणि दुपारी दादूच्या डोक्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा घातला होता. त्यामुळे त्या रात्री आईने मुद्दाम कोटाची गोष्ट काढली.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. धाकट्या पुरुषोत्तमाचा कोट फाटलेला आहे. शिकायला बाहेर राहणारा श्याम खाऊचे पैसे साठवून त्याच्यासाठी नवा कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीला भर पावसात, भरलेले ओढे-नद्या ओलांडत पालगडला पोचतो. आईने ती सुरेख वाचली, आवाज थोडा कापरा करून. मनू सगळा वेळ कंदिलाच्या काचेवर किडा चढतोय ते बघत होती. संपल्यावर तिने विचारलं, "श्यामने त्याला आधी मारलं होतं?"

"श्याम कशाला मारील?" आई म्हणाली.

"मग कोट कशाला दिला?"

मी हसले, दादूही हसला. वहिनी मात्र हसली नाही. आठवड्याभरापूर्वीच बालवाडीच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मुलगी अवघड आहे, एकदा कुणाला तरी दाखवून घ्या. 'अवघड' हा शब्द तेव्हापासून वहिनीच्या डोक्यातून गेलेला नाही. रात्री भांडी घासताना तिने मला विचारलं, "तुमच्या शास्त्रात असतं का गं असं काही?"

असतं. पण आधी पुस्तक.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेला पहाटे हात थांबवला. बेचाळीसपैकी बहुतेक रात्री या पाच दिवसांतल्या, उरलेल्या नंतरच्या. लिहिणाऱ्याचं वय ३३. आई जाऊन पंधरा वर्षं होऊन गेलेली. आश्रमातले मित्र प्रार्थनेनंतर गोल करून बसलेत आणि श्याम त्यांना रोज एक आठवण सांगतोय, अशी मांडणी. आमच्या क्षेत्रात अशा माहितीकडे जरा सावधपणे बघतात. मोठ्या माणसाने आठवून सांगितलेलं बालपण आणि बालपण चालू असताना टिपलेली नोंद, या दोन वेगळ्या वस्तू. आठवण सांगणारा मध्येच दुरुस्त्या करतो, आणि त्या त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाहीत. बहुतेक जण दुरुस्ती आपल्या बाजूने करतात. गुरुजींनी ती आईच्या बाजूने केली आहे. स्वतःच्या बाजूने जवळजवळ नाहीच, आणि म्हणूनच हे पुस्तक अजून वाचवतं.

कारण नीट बघाल तर श्याम हा काही गुणी मुलगा नाही. पोहायला जायचं नाही म्हणून तो माळ्यावर लपतो. फुलं दुसऱ्यांनी नेऊ नयेत म्हणून आदल्या दिवशीच कळ्या तोडून आणतो. तीर्थयात्रा करायची म्हणून पळून जातो. आणि एकोणतिसाव्या रात्री, मोठं व्हायचं तर पुस्तकं हवीत म्हणून पैसे चोरतो. कोटाची गोष्ट तिसावी. म्हणजे चोरीच्या लगेच पुढची! श्याम कोट घेऊन येतो तेव्हा आईच्या मनात पहिली शंका येते ती पैसे कुठून आणलेस हीच. ती शंका आदल्या रात्रीशिवाय कळत नाही. चोरणारा आणि कोट आणणारा एकच मुलगा आहे, आणि दोन्ही कामं तो त्याच हट्टाने करतो. गुरुजींनी हे दोन प्रसंग शेजारी ठेवले, पण आपण शाळेच्या पुस्तकात, भाषणात, नातवंडांसमोर फक्त दुसरा उचलतो. मग श्याम सोन्याचा होतो आणि घरातली खरी मुलं त्याच्यापुढे पितळेची दिसू लागतात.

आता वहिनीचा प्रश्न. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये १३३ मुलांचा तान्हेपणापासून पाठपुरावा सुरू केला. आठवणींवर विसंबायचं नाही, मूल वाढत असतानाच नोंदी घ्यायच्या, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी स्वभावाचे नऊ पैलू मोजले: चळवळेपणा, झोप-भुकेची नियमितता, नव्या गोष्टीला सामोरं जाणं, भावनेचा जोर वगैरे. त्यातून सुमारे ४० टक्के मुलं सोपी, १५ टक्के हळूहळू रुळणारी आणि १० टक्के 'अवघड' निघाली. उरलेली कुठल्याच खणात बसली नाहीत. बालवाडीच्या बाईंचा शब्द बहुधा इथूनच, दहा हात फिरून पावसला पोचलेला आहे.

पण तो शब्द पोचताना त्यांचं दुसरं, माझ्या मते जास्त मोलाचं म्हणणं वाटेतच राहिलं. अवघडपणा एकट्या मुलात नसतो, मूल आणि त्याच्या भोवतालची जुळणी कशी आहे त्यात असतो. न्यूयॉर्कमधल्याच प्वेर्तो रिकन कामगार कुटुंबांत मुलं वेळी-अवेळी झोपली तरी कुणाला ती अडचण वाटत नव्हती; शाळा सुरू झाली, सकाळी उठायची वेळ आली, तेव्हा ती अडचण झाली. मूल तेच होतं. मार्टेन द व्रीस यांनी १९८४ मध्ये मसाई लोकांतल्या तान्ह्या मुलांबद्दल जे छापलं ते तर आणखी चमत्कारिक आहे. दुष्काळानंतर शोध घेतला तर 'सोप्या' मुलांपैकी सापडलेल्या सातातली पाच दगावली होती आणि 'अवघड' सहांपैकी पाच जगली होती. रडणाऱ्याला दूध मिळालं असावं. आकडे इतके लहान आहेत की मी माझ्या प्रबंधात यावर एक ओळही टेकवणार नाही, पण वहिनीला सांगायला पुरले.

बगळ्यांचं थोडक्यात सांगते. गायबगळ्याची अंडी दिवसा-दोन दिवसांच्या अंतराने फुटतात, त्यामुळे पहिलं पिल्लू शेवटच्यापेक्षा थोराड असतं आणि ते धाकट्याला चोचीने बडवून खाऊ हिसकतं. आईबाप समोर उभे असतात आणि मध्ये पडत नाहीत. श्यामची आई आणि बगळी यांच्यातला मोठा फरक मला इथे दिसतो. श्यामच्या घरीही अन्न, कपडे, शिक्षण सगळं मोजकं. पण ही बाई सतत मध्ये पडते, आणि बऱ्याचदा शब्दांनी. कळ्यांना काय वाटतं, मोरी गाईला काय वाटतं, हे ती बोलून दाखवते. ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिज परिसरातल्या ४० घरांत दुसरं मूल येण्याआधी आणि आल्यानंतर बसून नोंदी केल्या. त्यांचं पुस्तक १९८२ चं. ज्या घरांत आई थोरल्याशी बाळाबद्दल माणूस म्हणून बोलायची, त्याला काय हवं असेल, तो का रडत असेल असं विचारायची, तिथे पुढे वर्षभरानंतर भावंडांचं जास्त जमलेलं दिसलं. यावरून कारण-परिणाम सिद्ध होत नाही. पण यशोदाबाई पालगडला हेच करत होत्या, हे वाचताना मला गंमत वाटली.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती मनूच्या प्रश्नातूनच आली. पुस्तकात भाऊ आहेत, पण त्यांना तोंड नाही. पुरुषोत्तम कोट घ्यायला आहे. यशवंत लहानपणी गेला, तर प्रकरणाच्या नावातच तो 'पुण्यात्मा' होऊन बसला. श्यामची चिडचिड, लाज, पश्चात्ताप पानोपानी, आणि भावांचं मन मात्र कुठेच सापडत नाही. सव्विसाव्या रात्रीचं नावच 'बंधुप्रेमाची शिकवण', म्हणजे प्रेम हा धडा झाला. भावंडांत आधी भांडण असतं, ते मिटतं, अर्ध्या तासाने पुन्हा लागतं, आणि त्यातूनच एकमेकांचं मन कळायला लागतं. डन यांच्या नोंदींची खरी कमाई ही. श्यामच्या गोष्टीत प्रत्येक रात्र मिटूनच संपते. मनूला भरपाईसाठी कोट देणारा भाऊ लगेच कळला असता. विनाकारण देणारा तिला संशयास्पद वाटला. समीक्षक म्हणून मी तिच्या बाजूने आहे. पुरुषोत्तमाने सांगितलेली त्याच घराची गोष्ट मला वाचायला आवडली असती.

पोहण्याच्या प्रकरणावरून तर आमच्याकडे थोडं वाजलंच. त्यात आई श्यामला शिंपटीने मारत विहिरीवर पाठवते, आणि तो शिकतो. आई म्हणाली, "बघा, मार खाल्ला म्हणून पोहता आलं." वहिनी उठून आत गेली. मी आईला म्हटलं की मार न खाता शिकला असता का हे बघायला दुसरा श्याम नाही, त्यामुळे हा प्रयोग निकाली निघत नाही. आई म्हणाली, "तुझं शिक्षण संपलं की सांग." तिचं म्हणणंही अगदीच सोडून देण्यासारखं नाही, तिच्या काळी विहिरीत बुडणारी मुलं होती, आणि भीती खरी होती. पण त्या पानावर गुरुजी मुलाची भीती जितकी नीट रंगवतात, तितका वेळ तिच्याजवळ थांबत नाहीत. आईचं बरोबर ठरायला हवं, म्हणून ते घाईने विहिरीकडे जातात.

निघायच्या आधी मला एक गोष्ट कळली. आईने एकोणतिसावी रात्र वाचलीच नव्हती, अठ्ठाविसाव्यावरून थेट कोटावर आली होती. "चोरी कशाला शिकवायची पोरांना?" तिचं कारण. मी म्हटलं, ती वाच, नाहीतर कोट अर्धाच कळतो. ती काही बोलली नाही.

परवा वहिनीचा फोन आला होता. आईने ती रात्र वाचली म्हणे. दादू मध्येच झोपला. मनू पहिल्यांदाच शेवटपर्यंत एका जागी बसली, आणि पुस्तक मिटल्यावर म्हणाली, "परत."