ओरिजिनल डिस्को

परवा माझा भाचा घरी आला आणि म्हणाला, “मामा, येत्या शनिवारी आमच्या ऑफिसची डिस्को नाइट आहे. एटीजची थीम. तुम्ही आणि मामी यायचंच. अहो, तुम्ही म्हणजे त्या काळातली ओरिजिनल माणसं!”

‘ओरिजिनल’ हा शब्द त्याने अशा आदराने उच्चारला, की जुन्या बाजारात पितळी समई उलटी करून खालचा शिक्का बघणाऱ्या गिऱ्हाइकाची मला आठवण झाली. मी नुसतं हसलो. कसं सांगणार, की मामा उभ्या आयुष्यात डिस्कोथेकची पायरी चढलेला नाही? त्या काळात मुंबईत डिस्को नव्हते असं नाही. ताजमध्ये ‘ब्लो अप’ होऊन गेलं, मरीन ड्राइव्हवर ‘स्टुडिओ २९’ होतं. पण लालबागच्या चाळीतून निघणारा आमचा रस्ता ताजच्या समोर, गेटवेपाशी संपायचा. तिथे खारे दाणे खायचे, समुद्राकडे बघायचं आणि ताजकडे पाठ करून परत यायचं. शनिवारची रात्र आणि ताप यांचा आमच्या घरी संबंध एवढाच, की शनिवारी रात्री ताप भरला तर रविवारी डॉक्टर भेटत नाही.

भाच्याने वानगीदाखल मोबाइलवर ‘डिस्को डान्सर’मधलं एक गाणं लावलं आणि काय सांगू, माझा उजवा पाय आपोआप ठेका धरू लागला. आमच्या हिने ते पाहिलं आणि काळजीने विचारलं, “पायात गोळा आलाय का?”

गोळा पायात नव्हता, डोक्यात होता. जिथे आपण कधी गेलोच नाही, तिथली आठवण आपल्याला कशी काय येते? न खाल्लेल्या श्रीखंडाचा ढेकर यावा, तसंच हे. शेवटी ठरवलं, की ते सिनेमे पुन्हा बघायचे. आठवडाभर, रोज रात्री एक. ही शेजारी बसून मेथी निवडायची. प्रत्येक समीक्षकाने आपल्या शेजारी मेथी निवडणारं एक माणूस बसवावं, असं माझं आता मत झालं आहे. त्याचं पडद्याकडे लक्ष नसतं, पण निकाल अचूक असतो.

सुरुवात मूळपीठापासून केली. ‘सॅटरडे नाइट फीवर’, साल १९७७. या सिनेमाचं नाव घेतलं की सगळ्यांना पांढरा सूट घालून, एक हात आभाळाकडे करून उभा असलेला जॉन ट्रॅव्होल्टा आठवतो. मलाही तेवढाच आठवत होता. आता पाहतो तर काय, हा टोनी न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका रंगाच्या दुकानात नोकरीला! पहिल्याच दृश्यात तो ऐटीत चालतो खरा, पण हातात रंगाचा डबा असतो. एका दुकानाच्या काचेत शर्ट दिसतो, तो घ्यायची ऐपत नाही, म्हणून पाच डॉलर विसार देऊन ठेवतो. घरी बापाचं काम सुटलेलं आहे आणि बाप जेवणाच्या टेबलावर पोराला चापट मारतो. पोराची तक्रार माराबद्दल नाही, विस्कटलेल्या केसांबद्दल आहे. “अगंबाई,” ही मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाली, “हे तर आपल्याच चाळीतलं घर!”

मी म्हटलं नव्हतं, निकाल अचूक असतो?

डिस्को म्हणून आपण जे उराशी धरून बसलो आहोत, ते त्या सिनेमात आठवड्यातून एक रात्र आहे. उरलेले सहा दिवस रंगाचे डबे आहेत. शेवटी टोनी नाचाची स्पर्धा जिंकतो आणि त्याला कळतं, की प्वेर्तो रिकोची जोडी आपल्याहून सरस नाचली होती. आपल्याला बक्षीस मिळालं ते आपण इथल्या गल्लीतले म्हणून. तो बक्षीस त्यांच्या हवाली करून निघून जातो. नाचाने त्याचा एकही प्रश्न सुटत नाही. आणखी गंमत म्हणजे हा सिनेमा निक कोन नावाच्या पत्रकाराच्या १९७६ सालच्या ज्या लेखावर उभा आहे, त्यातला नायक आपण मनाने रचला होता, अशी कबुली त्याने पुढे वीसेक वर्षांनी दिली. म्हणजे सगळं जग ज्या काळासाठी उसासे टाकतं, त्या काळाचं मूळपुरुषच काल्पनिक! मला एकदम हलकं वाटलं. न गेलेल्या जागेची आठवण येणारा मी एकटा नव्हतो.

खऱ्या डिस्कोचं वैभव होतं ते न्यू यॉर्कच्या ‘स्टुडिओ ५४’मध्ये. १९७७ साली उघडलेलं हे ठिकाण आतल्या रोषणाईइतकंच बाहेरच्या दारासाठी प्रसिद्ध होतं. दाराशी दोरी लावलेली असे आणि मालक स्टीव्ह रुबेल जातीने उभा राहून ‘हा आत, तो बाहेर’ अशी निवड करी. त्या सालच्या ३१ डिसेंबरला नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स हे ‘शीक’ या वाद्यवृंदाचे दोघे तिथे बोलावण्यावरून गेले. दारवानाने त्यांना घालवून दिलं. ज्यांच्या गाण्यावर लोक नाचायचे तेच बाहेर! दोघे घरी गेले आणि त्या दारवानाला उद्देशून तालासुरात एक शिवी म्हणत बसले. पुढे ती शिवी धुऊन-पुसून तिचं ‘ल फ्रीक’ हे गाणं झालं आणि १९७८ साली ते तुफान खपलं. डिस्कोचं इतकं गाजलेलं गाणं डिस्कोबाहेर काढलेल्या माणसांनी लिहिलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. डिस्को आतून जेवढा दिसतो, त्याच्या दसपट बाहेरून दिसतो.

अमेरिकेला या साऱ्याचा लवकरच वीट आला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग सुरुंग लावून उडवला. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. तिकडे डिस्कोचं असं तेरावं झालं आणि इकडे आपण बारशाचा पाळणा बांधला. १९८० साली ‘कुर्बानी’ आला. बंगळूरला जन्मलेल्या आणि लंडनला स्थायिक झालेल्या बिद्दूची चाल, पंधरा वर्षांच्या नाझिया हसनचा आवाज आणि पडद्यावर झीनत अमान. त्याच वर्षी ‘कर्ज’मध्ये ऋषी कपूर भल्यामोठ्या फिरत्या तबकडीवर नाचला. ती तबकडी लोकांच्या मनात इतकी फिरत राहिली, की २००७ साली फराह खानने त्याच गाण्याच्या नावाचा सिनेमा काढला आणि सुरुवात त्याच गाण्याने केली.

पण या सिनेमांनी खरा फरक केला तो वेगळाच, आणि तो आम्हा जाणकारांच्या तेव्हा लक्षात आला नाही. त्याआधीही हिंदी सिनेमात क्लब होताच. पण तो पापाचं कोठार होता. गोल जिना, ग्लासात रंगीत सरबत, हेलनचं नृत्य आणि मागच्या खोलीत सोन्याच्या विटा. नायक तिथे यायचा तो बहुधा खलनायकाला शोधायला किंवा प्रेमभंग झाल्यावर. नायिका आलीच तर साडी नेसून, त्याला घरी न्यायला. डिस्कोच्या सिनेमांनी हेलनच्या जागी नायकाला उभं केलं. अड्ड्याचा मंच झाला. आणि मंच म्हटला की आपल्याकडे नुसतं नाचून भागत नाही, तिथे न्याय व्हावा लागतो. ‘कर्ज’मधला नायक आपल्या मागच्या जन्मीच्या खुनाला वाचा फोडतो ती रंगमंचावर, गाण्यातून. ट्रॅव्होल्टाच्या नाचाने काहीच सुटत नाही. आपल्या नाचाने मागच्या जन्माचीसुद्धा थकबाकी वसूल होते.

आता ‘डिस्को डान्सर’. दिग्दर्शक बब्बर सुभाष, संगीत बप्पी लाहिरी, साल १९८२. चाली कुठून कुठून आल्या याचा हिशेब मांडू नये. ‘जिमी जिमी’ची चाल ओटावान या फ्रेंच जोडीकडची, दुसरी एक इंग्लंडच्या ‘बगल्स’कडची. पण गोष्ट बघा. रस्त्यावर गाणाऱ्या पोरावर श्रीमंत माणूस गिटारच्या चोरीचा आळ घेतो, आई तुरुंगात जाते, ‘चोर’ म्हणून हिणवलं गेल्यामुळे मायलेक मुंबई सोडून गोव्याला जातात. पोरगा मोठा होऊन जिमी नावाचा डिस्को डान्सर होतो. शत्रू त्याच्या गिटारमध्ये ५ हजार व्होल्टची वीज सोडतो आणि आई मध्ये पडून जीव देते. पाच हजार व्होल्ट! आमच्या चाळीत दोघींनी एकदम इस्त्री लावली तर फ्यूज उडायचा. मग जिमीला गिटारची धास्ती बसते आणि जागतिक स्पर्धेच्या ऐन मोक्याला त्याचे पाय उचलत नाहीत. हे डिस्कोचं कथानकच नव्हे. हे ‘श्यामची आई’ आहे, फक्त दिवे रंगीत आहेत. लेखकांत ‘आधा गाँव’वाल्या राही मासूम रझांचं नाव आहे, हे आता वाचल्यावर मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

या सिनेमाची सोव्हिएत रशियात ६ कोटींच्या घरात तिकिटं खपली. तिथल्या माणसाला तरी ‘स्टुडिओ ५४’मध्ये कोण घेत होतं? जगभरातल्या दाराबाहेरच्या माणसांचा हा डिस्को होता. त्यात तिकीट काढलं की आत घेत, चपला बघत नसत. जिमीचा खरा आजा मला ट्रॅव्होल्टा वाटतच नाही, आमचे भगवानदादा वाटतात. गिरणी कामगाराचा मुलगा, दादर-परळच्या चाळींतला, १९५१ साली ‘अलबेला’त असा नाचला की पुढे अमिताभनेही त्याच्या पावलावर पाऊल टाकलं.

हे सगळं मला आज सुचतं आहे. ८३ साली काय सुचलं होतं, ते सांगायला जीभ जड होते.

तेव्हा मी एका फिल्म सोसायटीचा सभासद होतो. ‘बायसिकल थीव्हज’ दोनदा पाहिल्यामुळे चाळीत माझी गणना विद्वानांत व्हायची. चाळीच्या हस्तलिखितात मी ‘डिस्को डान्सर’वर चार पानं लिहून संस्कृतीचं सुतक जाहीर केलं होतं. त्या गणपतीत मंडळाने रेकॉर्ड डान्सची स्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून मला बसवलं. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, अडीच लाख कामगार घरी, आणि दीड वर्ष उलटून गेलं तरी भोंगे मुके होते. मंडळाची वर्गणीही त्यामुळे बेताचीच.

आमच्या मजल्यावरचा एक चौदा वर्षांचा पोरगा ‘जिमी’ होऊन आला. पांढरा सूट होता. कापड बापाने पूर्वी गिरणीच्या दुकानातून सवलतीत आणलेलं, शिलाई आईची, आणि कॉलरला मखराची उरलेली जिलेटीनची चमकी. गाणं सुरू झालं, पोरगा बेभान नाचू लागला आणि अर्ध्यावर टेपने कॅसेटची फीत गिळली. पोरगा हात वर करून तसाच उभा. डोळे भरलेले. त्याचा बाप जिन्याच्या पायरीवर बसला होता. भजनी मंडळात ढोलकी वाजवायचा. तो उठला, आरतीच्या सामानातली ढोलकी ओढली आणि जिथे फीत तुटली होती तिथूनच ठेका उचलला. पोरगा नाचला. अख्खी चाळ कठड्यांवर ओणवी होऊन टाळ्यांनी साथ देत होती.

मी त्याला दुसरा नंबर दिला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘ढोलकी डिस्कोत बसत नाही.’ पहिल्याला स्टीलचा डबा होता, दुसऱ्याला वही. त्या घरात तेव्हा डब्याचा उपयोग जास्त होता. इटलीतल्या बेकार बापासाठी दोनदा डोळे पुसणाऱ्या मला, चार हातांवर जिन्यात बसलेला बाप दिसला नव्हता. पुढे ते कुटुंब गावी गेलं. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्या गिरण्यांच्या जागी आता टॉवर, मॉल आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या नाचाच्या जागा आहेत. मिथुनला २०२४ साली दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तेव्हा टीव्हीसमोर मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. उशिराच्या टाळ्या कुणाला पोचतात कोण जाणे.

शनिवारी आम्ही गेलो. तेही अशाच एका गिरणीच्या आवारात. दाराशी धिप्पाड माणसाने मनगटाला कागदी पट्टी बांधली. हिला वाटलं, राखी आहे. आत चमचमता गोळा फिरत होता, सगळ्यांनी पांढरे सूट भाड्याने आणलेले. मग ‘जिमी जिमी’ लागलं आणि भाच्याने मला हाताला धरून मध्ये ओढलं. टेप अडकण्याची भीती आता राहिलेली नाही. गाणं सुरळीत पार पडलं. नाचता नाचता भाचा कानाशी ओरडला, “काय मामा, ओरिजिनलसारखं वाटतंय ना?”

मी म्हटलं, “सगळं अगदी तसंच आहे रे. फक्त ओरिजिनलमध्ये ढोलकी होती.”